"ताई, ईपी भरू का?" : इंजिनीअरिंग फिजिक्सच्या बी.टेक.कडे वळणाऱ्यांसाठी

जूनमध्ये जेईई अ‍ॅडव्हान्स्डचा निकाल लागला की पुढचा आठवडाभर माझा फोन वाजत राहतो. कधी धाकट्या भावाचा मित्र, कधी गावाकडच्या शाळेतल्या बाईंचा मुलगा, कधी एखाद्या मुलीचे बाबा. प्रश्न एकच असतो : "ताई, ईपी भरू का?"

ईपी म्हणजे इंजिनीअरिंग फिजिक्स. भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकी हातात हात घालून शिकवणारी चार वर्षांची बी.टेक. पदवी. ती मी केली आहे आणि मला ती मनापासून आवडली. पण पंधरा मिनिटांच्या फोनवर नीट काही सांगता येत नाही, म्हणून सगळं एकदा लिहून काढते आहे. जमलं तर हे निकालाच्या आठवड्यात वाचू नका, अकरावीच्या सुट्टीत वाचा. यातलं सगळ्यात मोलाचं काम रँक हातात येण्याच्या आधी करायचं असतं.

आधी नावाचा घोळ

आपल्याकडच्या बहुतेक इंजिनीअरिंग कॉलेजांत पहिल्या वर्षाला 'इंजिनीअरिंग फिजिक्स' नावाचा एक विषय असतो. त्यात लेसर, ऑप्टिकल फायबर, न्यूटनची कडी, थोडं सेमीकंडक्टर येतं. त्यामुळे घरातले इंजिनीअर काका लगेच म्हणतात, "तो तर एका सेमिस्टरचा पेपर, त्याची पदवी कसली?" नाव एक असलं तरी ही गोष्ट वेगळी आहे. पदवीमध्ये क्वांटम मेकॅनिक्स, इलेक्ट्रोडायनॅमिक्स, सांख्यिकीय भौतिकी, घनस्थिती भौतिकी हे सगळं एम.एस्सी.च्या जवळपास जाईल इतक्या खोलीने येतं. त्याच्या जोडीला अ‍ॅनालॉग आणि डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, प्रोग्रॅमिंग, मोजमापाच्या लॅब आणि शेवटी प्रोजेक्ट असतो.

दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की त्या एकत्र झाल्या असं नाही. त्या एकत्र येतात तेव्हा काय होतं, हे पाहायचं असेल तर पुण्याहून नाशिक रस्त्याने नारायणगावला जा आणि तिथून खोडदला. जुन्नर तालुक्यातल्या या गावाभोवती 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप' आहे, म्हणजे जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ मध्यभागी एकवटलेल्या आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर दूरपर्यंत पसरलेल्या. जवळून पाहिलं की पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे तबकडी पत्र्याची नाहीच. स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी आहे आणि पलीकडचं आकाश दिसतं.

भोकं असलेल्या ताटात लहरी कशा अडतील? ही दुर्बीण ज्या रेडिओलहरी पकडते त्यांची लांबी साधारण वीस सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत असते. हायड्रोजनच्या अणूतून येणारी प्रसिद्ध लहर २१ सेंटिमीटरची. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. तरंगलांबीच्या मानाने भोक पुरेसं लहान असलं की त्या लहरीला जाळी आणि सलग पत्रा यात फारसा फरक जाणवत नाही, ती परत फिरते. इथवर झालं भौतिकशास्त्र. पण जाळीतून वारा आरपार जातो. वाऱ्याचा दाब कमी, म्हणून सांगाडा हलका, म्हणून लोखंड कमी, म्हणून खर्च कमी. हे झालं इंजिनीअरिंग. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दोन्ही विचार एकाच डोक्याने केले, म्हणून एवढी मोठी दुर्बीण आपल्या देशाच्या खिशाला परवडली. ईपीमध्ये शिकायचा असतो तो हा एका डोक्याने केलेला विचार. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, खोडदला सर्वांसाठी प्रदर्शन भरतं. दहावी-अकरावीत एकदा तरी जाऊन या.

घरच्यांना पटवायला आणखी एक उदाहरण उपयोगी पडतं. होमी भाभा केंब्रिजला गेले होते मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकायला. १९३० मध्ये त्यांनी ती परीक्षा दिली आणि मग भौतिकशास्त्राकडे वळले. ट्रान्झिस्टरच्या तीन शोधकर्त्यांपैकी जॉन बार्डीन यांची पहिली पदवी इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची होती, आणि भौतिकशास्त्राचं नोबेल दोनदा, १९५६ आणि १९७२ मध्ये, मिळवणारे ते आजवर एकमेव आहेत.

पायरी पहिली : रँकच्या आधी स्वतःला तपासा

जेईईच्या भौतिकशास्त्रात चांगले गुण पडतात म्हणून ईपी घेतलेली आणि दुसऱ्या वर्षी कोमेजलेली मुलं मी पाहिली आहेत. जेईईचा प्रश्न तीन मिनिटांत सुटतो आणि त्याचं उत्तर कुणाला तरी आधीच माहीत असतं. या अभ्यासक्रमात एका प्रश्नावर तीन दुपारी जातात, आणि बरेचदा तो प्रश्न असतो "हे उपकरण चुकीचं का दाखवतंय?" हा प्रश्न तुम्हाला नकोसा होतो की त्याच्या नादात झोप उडते, ते आधी कळायला हवं. त्यासाठी सुट्टीतले पंधरा दिवस पुरतात.

सुरुवात लंबकाने करा. एक मीटर दोरी, टोकाला जड नट. वीस हेलकाव्यांचा वेळ फोनवर मोजा, साधारण चाळीस सेकंद येतील. त्यावरून गुरुत्वत्वरण काढा. ते ९.८ च्या आसपास येईलच, त्यात काही विशेष नाही. खरा प्रश्न पुढे आहे : तुमच्या उत्तरावर विश्वास किती ठेवायचा? बटण दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले तर चाळीस सेकंदांत ती अर्ध्या टक्क्याची चूक. सूत्रात वेळेचा वर्ग आहे, म्हणून उत्तरात ती एक टक्का होते. दोरीची लांबी मोजताना पाच मिलिमीटर चुकलात तर आणखी अर्धा टक्का. मग लांबी कुठपर्यंत धरायची, नटाच्या वरच्या टोकापर्यंत की मध्यापर्यंत? हे खोदत जाण्यात मजा आली तर पुढच्या प्रयोगाकडे वळा.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जा. लाल, पिवळा, हिरवा, निळा असे पारदर्शक काचेचे एलईडी घ्या, एक १० किलोओहमचं पोटेन्शिओमीटर, एक किलोओहमचे दोन-चार रेझिस्टर, ब्रेडबोर्ड, नऊ व्होल्टची बॅटरी आणि साधा मल्टिमीटर. एलईडीबरोबर रेझिस्टर नेहमी एकसर जोडा, नाहीतर एलईडी जळेल. अंधाऱ्या खोलीत व्होल्टेज हळूहळू वाढवत न्या आणि एलईडी जेमतेम उजळायला लागला की त्याच्या दोन पायांमधलं व्होल्टेज टिपून ठेवा. आता १२४० ला त्या रंगाच्या नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागा. लालसाठी (६३० नॅनोमीटर) १.९७ येतं, निळ्यासाठी (४७० नॅनोमीटर) २.६४. ही त्या प्रकाशकणाची इलेक्ट्रॉन-व्होल्टमधली ऊर्जा. तुम्ही टिपलेले आकडे याहून थोडे कमी असतील, पण लाल आणि निळ्यातला फरक ०.६७ व्होल्टच्या जवळपास यायला हवा. आला, तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून तुम्ही प्लँकचा स्थिरांक मोजलात.

हिरवा एलईडी मात्र बरेचदा या रेषेत बसत नाही. त्याला हवं त्याहून जास्त व्होल्टेज लागतं. अनेक मुलं तो आकडा गुपचूप वहीतून गाळतात. गाळू नका. आजकालचे बरेच हिरवे एलईडी निळ्याच्याच कुळातल्या पदार्थापासून बनतात, लालच्या नव्हे, आणि तो फरक आकड्यात डोकावतो. न बसणारा आकडा पाहून "असं का?" म्हणत रात्री अकराला शोधत बसलात, तर ही पदवी तुमच्यासाठी आहे असं मी बिनदिक्कत म्हणेन.

तिसरी चाचणी कागदावरची. त्याच लंबकाचं समीकरण, हेलकावा मोठा असेल तेव्हाचं, स्वतः मांडा. ते बारावीच्या गणिताने सुटत नाही. मग पायथनमध्ये वीस ओळी लिहून ते छोट्या छोट्या पावलांनी सोडवा आणि आलेख काढा. पायथन येत नसेल तर आठवड्याभरात इतकं शिकता येतं.

आता प्रामाणिकपणे पाहा, वेळ कशात विरघळला. फक्त कागदावरच्या मांडणीत मन रमलं आणि तारा जोडणं जिवावर आलं, तर आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्था) किंवा बी.एस्सी. फिजिक्सचा रस्ता तुम्हाला जास्त सुख देईल. फक्त सर्किट आवडलं आणि समीकरण नकोसं झालं, तर इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन. दोन्हींत जीव अडकला तर ईपी. आणि तिन्ही गोष्टी नुसत्या उरकल्यासारख्या वाटल्या, तर केवळ आयआयटीचा शिक्का मिळतोय म्हणून ही शाखा घेऊ नका. दुसऱ्या शाखा भौतिकशास्त्राशिवाय कशाबशा निभावता येतात. ही नाही.

पायरी दुसरी : कुठे शिकता येतं

आपल्याकडे सगळ्यात जवळची जागा म्हणजे पवईची आयआयटी. मुंबईची ही आयआयटी १९५८ मध्ये सुरू झाली. ईपी तिथल्या भौतिकशास्त्र विभागाकडून चालवली जाते. दिल्ली, मद्रास, गुवाहाटी, हैदराबाद, मंडी इथल्या आयआयटींमध्येही ही बी.टेक. मिळते. कालिकतच्या एनआयटीत आहे, तिथे जेईई मेनच्या रँकवर जाता येतं. दिल्ली टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीतही आहे, मात्र तिथे दिल्लीबाहेरच्यांसाठी जागा थोड्या.

तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीचं नाव आपल्याकडे कमी घेतलं जातं, म्हणून मुद्दाम सांगते. अवकाश विभागाच्या या संस्थेत इंजिनीअरिंग फिजिक्सची बी.टेक. आणि पुढची पदव्युत्तर पदवी असा पाच वर्षांचा जोड अभ्यासक्रम आहे. खगोलशास्त्र, प्रकाशीय अभियांत्रिकी अशा दिशांना तिथून जाता येतं. प्रवेश जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या रँकवर असला तरी अर्ज वेगळा भरावा लागतो. जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या एकत्रित प्रवेशयंत्रणेच्या, यादीत शोधत बसाल तर सापडणार नाही.

यादी वाचताना पदवीचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. काही आयआयटींमध्ये 'फिजिक्स' या नावाची चार वर्षांची बी.एस. पदवी आहे. उत्तम अभ्यासक्रम आहे तो, पण बी.टेक. नाही. नोकरीच्या किंवा एम.टेक.च्या जाहिरातीत हा फरक नडू शकतो.

पायरी तिसरी : परीक्षा, आणि पसंतीक्रम

जेईई मेन जानेवारीत आणि एप्रिलमध्ये, अशी वर्षातून दोनदा होते आणि ती मराठीतूनही देता येते. त्यातून वरचे अडीच लाख विद्यार्थी अ‍ॅडव्हान्स्डसाठी पात्र होतात. अ‍ॅडव्हान्स्ड मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना अकरावीत इंग्रजीची धडक बसतेच. माझा अनुभव असा, की 'संवेग' आणि 'मोमेंटम' या दोन्ही शब्दांशी मैत्री ठेवणाऱ्यांना संकल्पना पक्की समजते. नव्या शब्दासाठी जुना फेकून देऊ नका, वहीत समोरासमोर लिहा.

अ‍ॅडव्हान्स्ड जास्तीत जास्त दोनदा देता येते, तीही लागोपाठच्या दोन वर्षांत. आयआयटीसाठी बारावीला ७५ टक्के लागतात (अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ६५), किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. क्लासच्या नादात बोर्डाची परीक्षा हलक्यात घेऊन इथे अडकलेली मुलं दरवर्षी असतात.

मग जोसाचं समुपदेशन. इथे पालकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. एक भीती अशी असते, की अवघड पर्याय वर टाकला आणि तो मिळाला नाही तर खालचाही जाईल. तसं होत नाही. यंत्रणा तुमची यादी वरून खाली वाचते आणि तुमच्या रँकला बसेल तो पहिला पर्याय देते. म्हणून यादी खऱ्या आवडीच्या क्रमाने लावा, 'मिळेल का' या क्रमाने नको. जागा मिळाल्यावर तीन शब्द समोर येतात. फ्रीझ म्हणजे हीच जागा पक्की. फ्लोट म्हणजे ही ठेवा, पण यादीतला वरचा कुठलाही पर्याय मिळाला तर तो द्या. स्लाइड म्हणजे संस्था हीच, शाखा मात्र वरची मिळाली तर बदला. पवईची ईपी मिळाली आहे आणि तीच हवी होती, तर फ्रीझ करा आणि शांत झोपा.

पवईत ईपी साधारणपणे कॉम्प्युटर सायन्स आणि इलेक्ट्रिकलनंतर भरते. नेमके आकडे दरवर्षी हलतात, म्हणून मागच्या तीन-चार वर्षांच्या ओपनिंग-क्लोजिंग रँका जोसाच्या साइटवर स्वतः पाहा. मुलींनी 'फक्त मुलींसाठी' असलेल्या जागांचा रकाना वेगळा पाहायचा. २०१८ पासून आयआयटींमध्ये मुलींसाठी वाढीव जागा आहेत आणि तिथली शेवटची रँक बरीच पुढे जाते. कित्येक मुली हा रकाना न पाहताच "आपल्याला नाही मिळणार" म्हणून पर्याय सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

"आधी ईपी घेऊ, मग पहिल्या वर्षानंतर शाखा बदलून कॉम्प्युटरला जाऊ" हा बेत करू नका. काही आयआयटींनी शाखाबदलाची सोय बंदच केली आहे. जिथे आहे तिथेही मूठभर जागा असतात.

फीबद्दल थोडक्यात. आयआयटीची शिकवणी फी सेमिस्टरला एक लाख रुपये आहे, हॉस्टेल आणि मेस वेगळी. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ती पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर इतरांनाही पूर्ण माफी, एक ते पाच लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश. उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच तहसील कार्यालयातून काढून ठेवा. जूनमध्ये तिथे रांगा असतात.

पायरी चौथी : प्रत्यक्ष चार वर्षं

पहिलं वर्ष बहुतेक सगळ्यांना सारखं. कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, प्रोग्रॅमिंग, रसायनशास्त्र, वर्कशॉप. लिनिअर अल्जिब्राकडे 'गणिताचा एक पेपर' म्हणून पाहू नका. तिसऱ्या सेमिस्टरनंतर क्वांटम मेकॅनिक्स बोलतं ते त्याच भाषेत. आयगेनव्हॅल्यू म्हणजे काय हे ज्याला पहिल्या वर्षी समजलं, त्याचं पुढचं निम्मं ओझं उतरतं.

खरी परीक्षा दुसरं वर्ष. सकाळी लॅग्रांजचं यांत्रिकीशास्त्र, जिथे न्यूटनचे बाण आणि बलं बाजूला ठेवून सगळं ऊर्जेच्या भाषेत पुन्हा मांडायचं. दुपारी ऑप-अ‍ॅम्पची लॅब, जिथे कागदावर सुंदर चालणारं सर्किट ब्रेडबोर्डवर मुकाट बसून राहतं. इलेक्ट्रिकलच्या मुलांना गणिताचा हा भार नसतो, एम.एस्सी.च्या मुलांना ही लॅब नसते, तुम्हाला दोन्ही. या वर्षी बहुतेकांचे गुण घसरतात. घसरले तर घाबरू नका, पण एकटे बसू नका. तीन-चार जणांचा गट करून ट्युटोरियलचे प्रश्न आधी एकेकट्याने आणि मग एकत्र सोडवा. क्रम उलटा केलात तर परीक्षेत पंचाईत होते.

दुसऱ्याच वर्षातली माझी एक फजिती सांगते. फोटोडायोडवरचा (प्रकाश पडला की विद्युतप्रवाह देणारा छोटा भाग) एक अगदी मंद प्रकाशसंकेत मोजायचा होता. ऑसिलोस्कोपवर एक ठसठशीत लाट दिसली. मी आनंदाने दोन दुपारी तिचं विश्लेषण केलं, आलेख काढले, सिद्धांतही जुळवला. तिसऱ्या दुपारी लॅबमधल्या सरांनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, "हिची वारंवारता किती?" मोजली. ५० हर्ट्झ. मी तीन दिवस भिंतीतल्या विजेच्या तारांचा गुंजारव मोजत होते! माझ्या लांबलचक, सैल वायरने अँटेनाचं काम केलं होतं. मग सरांनी लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायर दाखवला. प्रकाश एका फिरत्या चकतीने ठरावीक वेगाने अडवायचा आणि सोडायचा, ५० च्या पटीत नसलेल्या वारंवारतेने. मग येणाऱ्या सगळ्या गोंगाटातून फक्त त्या तालावर नाचणारा भाग उचलायचा आणि बाकीचा सरासरीत विरू द्यायचा. संकेत गोंगाटाहून कितीतरी पट लहान असला तरी सापडतो. गणितात ही केवळ दोन साइन लहरींच्या गुणाकाराची ओळ आहे. पण ती ओळ त्या दिवशी माझ्या हातात उतरली.

तिसऱ्या वर्षी क्वांटम, सांख्यिकीय आणि घनस्थिती भौतिकी एकत्र येतात आणि गोष्टी जुळायला लागतात. स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप घ्या, पृष्ठभागावरचे अणू दाखवणारा सूक्ष्मदर्शक. बिनिग आणि रोरर यांनी तो १९८१ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बनवला आणि १९८६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. सुई आणि पृष्ठभाग यांच्यामधलं अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढलं की मधली पोकळी ओलांडून झिरपणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा, म्हणजे टनेलिंगचा, प्रवाह साधारण दहापट घटतो, हे क्वांटमच्या वर्गात एका पानात सिद्ध होतं. पण सुई तिथे स्थिर धरायची कशी? जिन्यावरून कुणी उतरलं तरी इमारत त्या ०.१ नॅनोमीटरच्या हजारो पट जास्त हलते. त्यासाठी पिझो स्फटिक (व्होल्टेज दिलं की किंचित लांब-आखूड होणारे), फीडबॅक सर्किट, कंपनरोधक बैठक. वर्गातलं पान आणि लॅबमधली बैठक हे दोन्ही ज्याला कळतं, तो माणूस तुम्ही व्हायचा आहात.

चौथ्या वर्षी प्रोजेक्ट. गाईड निवडताना विषयाच्या झगमगाटापेक्षा त्या लॅबमधल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांशी बोला. रोजचा वेळ तुम्ही त्यांच्याबरोबर काढणार आहात.

या सगळ्या वर्षांत लॅबची वही पेननेच लिहा, चुकलेला आकडा एक रेघ मारून तसाच ठेवा. आणि दुसऱ्या वर्षापासून दुसऱ्या विभागाचं मायनर, म्हणजे जोडविषय, घेण्याचा विचार करा : इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर, गणित, काहीही. पुढच्या मुद्द्यासाठी ते फार कामाचं आहे.

पायरी पाचवी : पुढचं दुसऱ्या वर्षीच ठरवायला घ्या

सिव्हिल म्हटलं की बांधकाम, केमिकल म्हटलं की कारखाना, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. ईपीला असं ठरलेलं दार नाही. ही या पदवीची सगळ्यात मोठी अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ज्याने स्वतः दार शोधलं त्याला पाच-सहा सापडतात. जो थांबून राहिला त्याला चौथ्या वर्षी प्लेसमेंटच्या हंगामात सॉफ्टवेअर आणि डेटाच्या रांगेत इतरांच्या मागे उभं राहावं लागतं.

म्हणून उन्हाळे वाया घालवू नका. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'नियस' हा उपक्रम पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी आहे. तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. कुलाब्याच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधनाच्या संस्थेत उन्हाळी कार्यक्रम असतो. जर्मनीतल्या इंटर्नशिपसाठी डाड-वाइज आहे. या अर्जांच्या तारखा हिवाळ्याच्या आसपास येतात आणि परीक्षांच्या गडबडीत निसटतात. ऑक्टोबरपासूनच शोधायला लागा.

संशोधनाकडे जायचं असेल तर पीएच.डी. हा सरळ रस्ता आहे, इथे किंवा परदेशात. एम.टेक.साठीच्या गेट परीक्षेत ईपीची मुलं फिजिक्सचा पेपर देतात किंवा तयारी असेल तर इलेक्ट्रॉनिक्सचा. सेमीकंडक्टर, प्रकाशीय उपकरणं, सेन्सर, वैद्यकीय इमेजिंग या क्षेत्रांत आपल्या मिश्रणाला खरी किंमत आहे. राष्ट्रीय क्वांटम मिशनला २०२३ मध्ये सहा हजार कोटींची मंजुरी मिळाली, आणि त्यातलं क्वांटम सेन्सिंगचं केंद्र पवईलाच आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. तिलाही २०२३ मध्येच मंत्रिमंडळाने २६०० कोटींची मंजुरी दिली. चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्यांमध्ये लेसर सोडून प्रोटॉनच्या हजाराव्या भागाइतकी हालचाल मोजायची. लेसर, निर्वात, नियंत्रण, कंपन, डेटा : तिथे लागणाऱ्या कामांची यादी ईपीच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहा. मराठवाड्यातल्या मुलामुलींनी तर पाहाच.

सरकारी नोकरीची जाहिरात वाचताना एक काळजी घ्या. पात्र शाखांची नावं त्यात मोजून दिलेली असतात. 'इंजिनीअरिंग फिजिक्स' हे शब्द तिथे आहेत का ते पाहा. नसतील आणि 'समकक्ष' असं लिहिलं असेल, तर अर्ज भरण्याआधी त्या कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. माझ्या ओळखीतल्या एका मुलीची मुलाखतीनंतर, कागदपत्रांच्या तपासणीत, याच कारणाने निवड रद्द झाली.

रँक नाही आली तर

बहुतेकांची येत नाही, आणि तेव्हा हा विषय हातातून गेला असं समजू नका. पुण्याच्या आयसरला स्वतःची प्रवेश परीक्षा आहे, आयएटी. कलिन्याला मुंबई विद्यापीठाच्या आवारात सीईबीएस हे मूलभूत विज्ञानांचं केंद्र आहे, तिथे पाच वर्षांची एकात्मिक एम.एस्सी.; प्रवेश नेस्ट परीक्षेतून. सीईटीमधून पुण्याच्या सीओईपीला इन्स्ट्रुमेंटेशन मिळत असेल तर ते घ्या आणि भौतिकशास्त्र स्वतः वाचा. तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. फिजिक्स-इलेक्ट्रॉनिक्स करत असाल तर पहिल्या वर्षापासून पायथन, लिनिअर अल्जिब्रा आणि तो ब्रेडबोर्ड सोडू नका. नियस आणि अकादम्यांच्या शिष्यवृत्तीचे दरवाजे बी.एस्सी.च्या मुलांनाही उघडे आहेत.

आणि निकाल काहीही लागो, जून-जुलैच्या मोकळ्या आठवड्यांत तो एलईडीचा प्रयोग पुन्हा एकदा करा. या वेळी प्रत्येक रंगाचे पाच-पाच एलईडी घ्या, सगळे आकडे मांडा आणि हिरव्यासाठी आलेखावर वेगळा रंग वापरा. आलेख मला पाठवलात तर मी नक्की पाहीन.